चांद्याच्या उन्हातला डबा

चंद्रपूर-गडचिरोलीत गार डबा मिळतो तो फक्त हिवाळ्यात. एरवी डबा घरून गार निघतो आणि उघडेपर्यंत गरम झालेला असतो. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो तेव्हा गाडीत राहिलेला स्टीलचा डबा उचलायला फडकं घ्यावं लागतं. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे ताडोबाला येण्याआधी फोनवर काळजीने विचारतात, "जंगलात थंडच जेवावं लागेल का हो?" आता त्यांना काय सांगावं! एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे थंड काही खायला मिळणं हीच चैन आहे.

पण त्यांच्या प्रश्नातली एक गोष्ट रास्त आहे. जंगलात चूल पेटवता येत नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम. पानगळ होऊन गेलेली, जमिनीवर सागाच्या पानांचा वाळका थर, एक काडी पुरे. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तीच आग पुढे सरकत जाते, हे इथल्या प्रत्येक वनरक्षकाला पाठ आहे. म्हणून आम्ही ज्याला खरं वनभोजन म्हणतो, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले पानगे, त्यावर तुपाची धार, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी, ते शेतात करायचं, नदीकाठी करायचं, वनात मात्र करायचं नाही. नागभीडकडे सातबहिणीची टेकडी आहे, पेरजागडही म्हणतात तिला. तिथल्या कड्यांवर आग्या मोहोळांचा मुक्काम असतो. या माश्यांनी पर्यटकांवर हल्ले केले आहेत आणि त्यात माणसं दगावलीही आहेत. तिथे धूर केला तर पानगे भाजून होईपर्यंत खायला कोणी थांबणार नाही. त्या टेकडीवर जायचं तर डबा घरचा, आवाज बेताचा आणि अत्तर कपाटात.

तेव्हा प्रश्न असा उरतो की पहाटे पाचला बांधलेलं काय दुपारी एकला खाण्याजोगं राहील? माझं म्हणणं थोडं पुढचं आहे. नुसतं खाण्याजोगं राहून काय उपयोग? पहाटेपेक्षा दुपारी जास्त चांगलं लागेल तेच बांधावं. पानातल्या जेवणाची परीक्षा चुलीजवळ होते, डब्याची झाडाखाली. डबा भरताना चव घेऊन "छान झालंय" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्यांनी अर्धीच परीक्षा दिलेली असते.

आमच्या घरात या विषयावर लग्नापासून दोन पक्ष आहेत. माझं माहेर वरोऱ्याकडचं, सासर मूलचं. दोन्ही गावं चंद्रपूर जिल्ह्यातलीच, पण मधे कुठेतरी एक न दिसणारी रेघ आहे. पश्चिमेला काळी माती, कापूस, सोयाबीन, ज्वारी. पूर्वेला तलाव, बांध्या आणि धान. रेघेच्या अलीकडचा माणूस गावाला निघाला की भाकर बांधतो, पलीकडचा भात. लग्न ठरवताना पत्रिका पाहिल्या, डबे कोणी पाहिले नाहीत.

सासूबाईंच्या मते भात पोटात गेल्याशिवाय जेवण झालं असं म्हणताच येत नाही. पोळी-भाकर म्हणजे जेवणाआधीची नुसती विचारपूस. मी धपाटे लाटत असले की मागून हमखास आवाज यायचा, "ते ठीक आहे, पण भात नाही नेला त पोरं काय खातीन?" आणि त्यांचा भातही साधासुधा नव्हे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात आपल्या शेतातल्या 'पटेल ३' जातीच्या धानात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षं निवडून त्या वाढवल्या आणि त्यातून बारीक, चवदार तांदळाचं वाण उभं राहिलं. त्या काळी मनगटावर मिरवायच्या घड्याळाचं नाव त्याला पडलं: एचएमटी. थोडक्या जमिनीचा हा शेतकरी २०१८ मध्ये गेला, पण त्याचा तांदूळ किती राज्यांत पोचला त्याला सुमार नाही. सासूबाईंच्या हातात एचएमटीचं घड्याळ कधीच नव्हतं. ताटात मात्र एचएमटी रोज.

अडचण अशी की हा देखणा भात डब्यातून नेणं हा जोखमीचा व्यवहार आहे. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू सापडतो. त्याची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ती जागी होतात, वाढतात आणि विष तयार करतात, आणि उलट्या करवणारं ते विष भात पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. अन्नशास्त्रवाले सांगतात, शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे फार वेळ ठेवू नका. आता चंद्रपूरचा अख्खा मे महिना या दोन आकड्यांच्या मधे बसतो. अन्नाचं सोडा, आम्ही स्वतःच त्या पट्ट्यात राहतो.

सासूबाईंना त्या जिवाणूचं नाव माहीत नव्हतं, त्याच्या खोडी माहीत होत्या. म्हणून त्या उन्हाळ्यात कधी फोडणीचा भात बांधायच्या नाहीत, वडाभातही नाही. भात मऊ शिजवायचा, परातीत पसरून निववायचा, त्यात कोमट दूध भरपूर आणि विरजण म्हणून चमचाभर दही घालायचं, मीठ अगदी थोडं, वरून मिरची-जिऱ्याची फोडणी, आणि डबा बंद. मूलहून निघताना तो दूधभात असतो. ऊन चढतं तसतसं दही लागत जातं, आंबटपणा येतो आणि त्या आंबटपणापुढे इतर जिवाणूंचं फारसं चालत नाही. दुपारी झाडाखाली डबा उघडला की दहीभात तयार. घरून दही घालून नेलेला भात तोवर आंबट ढाण झालेला असतो. हा नेमका वेळेवर येतो. वाटेत स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणारा दुसरा पदार्थ मला माहीत नाही. या एका बाबतीत भातवाल्या पक्षाला मी बिनशर्त शरण आहे. फक्त डिसेंबरात ही युक्ती करू नये. तेव्हा विरजणही गारठून बसतं, आणि दुपारी दूधभातच हाती येतो.

हिवाळा भाकरवाल्यांचा. पण ज्वारीची नुसती भाकर दुपारपर्यंत ढालीसारखी ताठ होते, हे माहेरचा अभिमान बाजूला ठेवून सांगते. त्यावर आमच्या आजीकडे उपाय होता दशमी. पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं, तव्यावर तुपाचं बोट फिरवायचं. दशमी दोन दिवस मऊ राहते आणि नुसती खाल्ली तरी गोडसर लागते. सोबत जवसाची कोरडी चटणी, तिच्यात लसूण आणि तिखट सढळ. आयत्या वेळी चटणीत कच्चं तेल कालवायचं, तेही छोट्या बाटलीतून वेगळं न्यायचं. तिखट-मिठाच्या पुऱ्या तर सर्वपक्षीय आहेत. ओवा, तीळ, हळद, दोन बोटं जास्तीचं मोहन. तळताना पाणी उडून जातं म्हणून त्या टिकतात, आणि गार झाल्यावर मसाला पुरीत मुरतो. गरम असताना त्या नुसत्या तिखट लागतात. शिवाय सासरकडून आलेले लाखोरीच्या डाळीचे वडे. झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्वेकडच्या धानाच्या मुलखात, धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत उभ्या पिकात लाखोरी फेकतात, तिचीच ही डाळ. वडे गरम खाणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. गारच खावेत, कांद्याबरोबर.

कांदा मात्र चिरून नेऊ नये. आख्खा न्यावा, तिथे दगडावर ठेवून बुक्कीने फोडावा, आणि तो मान घरातल्या सर्वांत निरुद्योगी पुरुषाला द्यावा. काकडीचंही तसंच. मीठ वेगळ्या पुडीत, नाहीतर काकडी आपलं सगळं पाणी डब्यात सोडून मोकळी होते. ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यात बांधणाऱ्याला मी काही सांगायला जात नाही, तिचं सांगणं ती स्वतःच दुपारी करते. आणि कॅसरोलबद्दलचा गैरसमज तर फार खोलवर गेलेला आहे. गरम पोळ्या त्यात कोंबून झाकण लावलं की वाफेचं पाणी होऊन झाकणाला लागतं आणि तिथून परत पोळ्यांवर टपकतं. वरची पोळी भिजते, खालची घामेजते, मधल्या तेवढ्या बऱ्या. पोळ्या निववून सुती फडक्यात बांधाव्यात. फडक्याला काही किंमत नाही म्हणून त्याचा सल्ला कोणी ऐकत नाही.

गार अन्नाला गरिबाचं अन्न समजायची आपल्याकडे खोड आहे. ताट वाफाळतं हवं. जपानी लोकांचं तसं नाही. ते गार भाताचा डबा हौसेने खातात, आगगाडीत, शाळेत, डोंगरावर. भाताच्या मधोमध एक खारवलेलं आंबट फळ ठेवतात आणि त्याने भात टिकतो असं मानतात. सासूबाई भातात लिंबाच्या लोणच्याची फोड खोचायच्या त्याच भावनेने. तिकडे इंग्लंडात कॉर्नवॉलच्या खाणकामगारांच्या बायका कणकेच्या जाड पारीत मांस, बटाटे आणि सलगम भरून भाजायच्या, नवरा तो ऐवज खिशात टाकून खाली उतरायचा. आमच्या घुग्घुस, माजरी, दुर्गापूरच्या कोळसा खाणींत पाळीवर जाणाऱ्यांचे डबे मी लहानपणापासून पाहिले आहेत. त्यांचा मुलूख वेगळा, पण प्रश्न तोच: वर यायला वेळ नाही आणि खाली चूल नाही.

आता ताडोबा. हे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. सकाळच्या सफारीला मोहर्ली किंवा कोलारा गेटवर उजाडण्याआधी हजर व्हावं लागतं. जानेवारीत उघड्या जिप्सीत बसलं की डब्यातलं तूप आधी गोठतं, मग आपण. ठरवून दिलेल्या थांब्यांशिवाय गाडीतून पाय खाली ठेवता येत नाही, आणि गाडीतच डबा उघडायचा धीर होत नाही, कारण स्टीलच्या झाकणाचा तो 'टण्ण' आवाज. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी वाघाची वर्दी देत चितळ ओरडत असताना नेमकं तेव्हाच चिवड्याचं पाकीट फोडलं. गाइड हात जोडून म्हणाला, "सर, आवाज नका करू जी, कॉल चालू आहे." पाऊण तास सगळी जिप्सी एका झुडपाकडे पाहत बसली, त्या गृहस्थांच्या तोंडात घातलेला चिवडा तसाच. चावला तर वाघ जाणार, गिळला तर ठसका. वाघ काही निघाला नाही. पुढे कित्येक दिवस घरच्यांनी वाघ न दिसण्याचं खापर चिवड्यावर फोडलं. सफारीला पुऱ्या न्याव्यात, त्या बोलत नाहीत.

थांब्यावर पोचलं की एकेका जिप्सीच्या बॉनेटवर रिसॉर्टच्या टोपल्या उघडतात. उकडलेली अंडी, सँडविच, केळी, फ्लास्कमधला चहा. शेजारी आमचं फडकं सुटतं. थोड्याच वेळात ते टोपलीवाले आमच्याकडे बघू लागतात, असा माझा अनुभव आहे. सँडविचला हिवाळ्यात काही होत नाही आणि नेमकी हीच त्याची उणीव आहे, त्याला कधीच काही होत नाही. एकदा टोपलीवाल्यांतल्या एका बाईंनी पुरीकडे पाहून अगदी संकोचाने विचारलं, "हे काय आहे?" माझ्या उत्तराची वाट न पाहता सासूबाईंनी तिच्या हातावर दोन पुऱ्या आणि वडा ठेवला. मोबदल्यात आलेलं अंडं त्यांनी नातवाकडे सरकवलं.

अन् या थांब्यांवर वानरं असतात. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, अतिशय सभ्य चेहऱ्याने बसलेली. ती आपल्याकडे पाहतच नाहीत. केळ्याचं साल निघेपर्यंत त्यांची तपश्चर्या ढळत नाही, आणि त्यानंतरचं काही आपल्याला दिसत नाही, फक्त केळं नसतं. चिमूर तालुक्यातल्या रामदेगीला तर भाविकांपेक्षा वानरांना नैवेद्याच्या वेळा जास्त ठाऊक असतात. वानरांना खाऊ घालू नये, त्यांची सवय बिघडते आणि मग ती माणसावर धावतात, हे सगळं खरं. पण वानरांना कोणी देत नाही, ती घेतात. म्हणून डब्याला कडीचं झाकण हवं आणि केळी घरी.

गडचिरोलीत डब्याचं गणित बदलतं. चंद्रपूर जिल्ह्यात डबा ही हौस आहे, तिकडे ती सोय आहे आणि पावसाळ्यात तरणोपाय. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. नकाशात लांबट, दक्षिणेला सिरोंच्यापर्यंत उतरत गेलेला. आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या रस्त्याला लागलं की हॉटेल नावाची गोष्ट विरळ होत जाते. चहाची टपरी मिळते, तीही उघडी असली तर. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प पाहायला जाणारे बरेचजण याच वाटेने जातात. १९७३ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथे गेले तेव्हा रस्ताही नव्हता, आपण निदान डांबरावरून जातो आणि तरीही "पुढे काही मिळेल का?" म्हणून सारखं विचारतो. मिळत नाही. वाटेत 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' आहे, जुन्या सागांचं राखून ठेवलेलं सहा हेक्टरांचं रान, २०१४ मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेलं. साग इतके उंच की शेंडा पाहताना टोपी पडते. डबा मी तिथेच सोडते. मे महिन्यातही त्या झाडांखाली दहीभाताचा डबा हातात धरवतो.

पावसाळ्यात भामरागडला जाणाऱ्याने दोन वेळचा डबा न्यावा. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की गावाचा संपर्क तुटतो, ही तिथली वर्षानुवर्षांची कथा. पाणी उतरेपर्यंत अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. अशा वेळी पहिला डबा सगळे आनंदाने खातात. दुसरा डबा उघडायचा की राखायचा यावर जी चर्चा होते तिच्यात माणसांचे स्वभाव नीट कळतात. आमच्यातले एक काका दर अर्ध्या तासाने नदीकडे पाहून यायचे आणि पाणी बोटभर उतरल्याचं जाहीर करून एक दशमी उचलायचे. त्यांच्या हिशेबाने नदी संध्याकाळपर्यंत कोरडी पडायला हवी होती.

याच वाटेवर माडिया माणसं चालताना दिसतात. खांद्यावर कुऱ्हाड, आणि काखेत किंवा दांडीला लटकावलेला तुंबा. वाळवलेल्या दुधीभोपळ्याचं हे भांडं. मधे आवळलेलं, म्हणून दोरी बसते. तोंड अरुंद, त्याला पानांचा किंवा लाकडाचा बोळा. आत पाणी, नाहीतर तांदळाची किंवा कोसरीची पातळ आंबील. वजन काही नाही, सांडत नाही, तापत नाही, फुटला तर परसात दुसरा वेल आहेच. तहान आणि भूक दोन्ही त्या एका घोटात. आम्ही गाडीतून उतरायचो तेव्हा सोबत तीन पिशव्या, एक कूलर, दोन फ्लास्क, चटई, आणि चटईवर अंथरायला चादर. एकदा रस्त्याकडेला एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालली होती. आमच्याकडे वळून म्हणाली, "इतलं सारं घेऊन राहाले चालल्या का जी जंगलात?" सोबतची पोरगी खुदकन हसली. आमच्याकडे उत्तर नव्हतं, कूलर मात्र होता.

खरं म्हणजे या दोन जिल्ह्यांत डबा बांधून जंगलात जाणाऱ्यांमध्ये सहलीवाले अगदी थोडे. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला बाया झुंजुमुंजूच्या आधी निघतात, कारण फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढलं की सुकू लागतात. मेमध्ये तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून संध्याकाळी फळीवर न्यायचे, तिथे मोजणी. पानं तोडायला घरातलं झाडून सगळं माणूस जातं. आदल्या रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवलेला असतो, तो सकाळी कांदा-मिठाबरोबर खातात, उरलेला गंजात बांधून घेतात. कोणाकडे भाकर आणि सुक्या झिंग्यांची चटणी. सकाळी नऊ-दहाला एखाद्या मोहाखाली पाचसहा जणी गोल करून बसतात. पाठी एकमेकींकडे, तोंडं बाहेर. गप्पा मारायला ही बैठक सोयीची नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडच्या जंगलांत वाकून पानं तोडणाऱ्या, फुलं वेचणाऱ्या माणसांवर वाघाने हल्ले केल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आपण ज्याला पाहायला पैसे भरून जातो त्याच्याकडे तोंड करून त्यांना भाकर खावी लागते. हे लक्षात आलं की आपल्या पुरीत मीठ कमी पडल्याची तक्रार करवत नाही.

रोवणीच्या दिवसांत मात्र शिदोरीला रंग चढतो. जुलैचा पाऊस, गुडघाभर चिखल, पऱ्ह्यांच्या पेंड्या आणि वाकलेल्या बायांची रांग. दुपारी बांधीच्या पाळीवर डबे सुटतात तेव्हा एकीचा डबा एकीने खाल्ला असं होत नाही. भात सगळ्यांकडेच असतो म्हणून स्पर्धा सगळी भाजीची. कोणाची खेकड्यांची, कोणाची पावसाळी सातेची, म्हणजे वारुळालगतच्या अळिंब्यांची. सातेवाली त्या दिवशी राणी. ती आपल्या डब्यातलं वाटताना घास इतका जपून मोजते की सोनार बरा. हात चिखलाचे असतात, ते बांधीतल्याच पाण्यात धुतात, आणि जेवण झाल्यावर जी गाणी सुरू होतात त्यांतली निम्मी सासूवर असतात. आमच्या सासूबाई रोवणीची गाणी सुरेख म्हणायच्या. सासूवरचीही. मी ती ऐकून घेत असे.

महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याची जत्रा भरते तेव्हा आणखी एक प्रकार पाहायला मिळतो: उपासाची शिदोरी. साबुदाण्याची खिचडी गार झाली की तिचा एक घट्ट गोळा होतो आणि तो चमच्याने उचलला तर सगळाच्या सगळा उचलला जातो. तरी लोक नेतात. जाणती माणसं रताळी आणि शिंगाडे नेतात. झाडीपट्टीच्या तलावांत ढीवर समाज शिंगाड्याचं पीक घेतो. थंडीत नागभीड, वडसा, सिंदेवाहीच्या स्टेशनांवर, एसटीच्या थांब्यांवर उकडलेल्या काळ्या शिंगाड्यांच्या टोपल्या दिसतात. आवरण जाड, आतला गर स्वच्छ, तेल नाही, रस नाही, डबा नको. गोंदिया-बल्लारशा पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून शिंगाडे सोलत जंगल पाहण्यासारखी सहल नाही, आणि त्यासाठी पहाटे उठून काही बांधावंही लागत नाही.

पण तुम्ही बांधणारच, हे मला ठाऊक आहे. तर बांधा. पुऱ्या, दशम्या, जवसाची चटणी, आख्खे कांदे. उन्हाळा असेल तर सासूबाईंचा दहीभात. कागदी ताटल्यांऐवजी पळसाच्या पत्रावळी घ्या, चंद्रपूरच्या बाजारात मिळतात. प्लास्टिकवर राज्यात २०१८ पासून बंदी आली, जंगलात ते त्याआधीही नकोच होतं. चितळाला पिशवी आणि पान यांतला फरक कळत नाही. पाणी जास्त घ्या, कूलर नको. आणि मोजून चार पुऱ्या बांधणार असाल तर आठ बांधा. ताडोबात प्रत्येक जिप्सीबरोबर जवळच्याच गावचा गाइड असतो, आता पुष्कळ मुलीही हे काम करतात, आणि ड्रायव्हर असतो. ही दोघं तुमच्याआधी तासभर उठून गेटवर आलेली असतात आणि बहुतेक वेळा चहावरच असतात. थांब्यावर तुम्ही खात असताना ती जिप्सीच्या पलीकडे जाऊन उभी राहतात. त्यांना आधी विचारा. पहिल्यांदा "नको जी, झालं आमचं" म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा.